पोर्ट म्हणजे बंदर, दार की ओझं? इंग्रजी शब्दाचं मूळ घरबसल्या कसं शोधायचं

मे महिन्यात पडवीत आंबे भरायचं काम चालू होतं. मी पेटीत पेंढा पसरत होते, भाचा आंबे निवडून देत होता, आणि मधेच पेटीवर छापलेलं एक्सपोर्ट क्वालिटी वाचून त्याने विचारलं, "मावशी, ह्यातलं पोर्ट म्हणजे आपलं जयगडचं पोर्ट, तेच ना गं?" मी हातातलं काम न थांबवता सांगून टाकलं, "हो मग, पोर्टवरून माल बाहेरच्या देशात जातो म्हणून एक्सपोर्ट." त्याला पटलं, मलाही पटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर खटकायला लागलं, की मग रिपोर्टमध्ये कुठलं बंदर आणि सपोर्टमध्ये कुठलं? उठून मोबाइलवर डिक्शनरी उघडली तर माझं उत्तर साफ चुकीचं निघालं. सकाळी चहा पिताना त्याला तसं सांगितलं आणि मग पुढचे आठ-दहा दिवस आम्ही दोघांनी त्या एका शब्दाचा पिच्छा पुरवला. त्यातून जी पद्धत हाताला लागली ती इथे लिहितेय, कारण मुलांना शब्दार्थ पाठ करायला लावण्यापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी आहे असं मला मनापासून वाटतं, आणि वही, पेन, मोबाइल ह्यापलीकडे ह्याला काही लागत नाही.

सुरुवातीचे दोन दिवस डिक्शनरी उघडायचीच नाही. फक्त कान उघडे ठेवायचे आणि घरात, बाजारात, एसटीत तो शब्द ज्या ज्या वाक्यात कानावर पडेल ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहायचं. अर्थ लिहायचा नाही, वाक्यच लिहायचं, हे महत्त्वाचं आहे, कारण अर्थ लिहायला गेलं की आपण आपल्या डोक्यातलं लिहितो आणि वाक्य लिहिलं की लोकांच्या तोंडातलं लिहितो. आमच्या वहीत दोन दिवसांत हे जमलं: जयगड पोर्टला कोळशाची बोट लागलीय. मोबाइलचं चार्जिंग पोर्ट गेलंय (आमच्याकडे खाऱ्या हवेने हे फार होतं). इथे रेंज नाही, सिम पोर्ट करून घे. ब्लड रिपोर्ट आला का? पोर्टलवर सातबारा दिसत नाहीये. गाडी पोर्चमध्ये लाव. चिपी एअरपोर्टवरून येणार आहे. पासपोर्ट रिन्यू करायचाय. आणि एक वाक्य बाबांचं, कारण आमचे बाबा तीस वर्षं बोटीवर होते आणि अजून आरामखुर्चीत बसून म्हणतात, चष्मा माझ्या पोर्ट साइडला ठेवलाय बघ.

आता ह्या वाक्यांचे गठ्ठे करायचे, आणि त्यासाठी सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे शब्द काढून त्याच्या जागी मराठी शब्द घालून बघणं. जयगड पोर्टच्या जागी बंदर बसतं. चार्जिंग पोर्टच्या जागी बंदर घातलं तर काहीच्या काही होतं, पण दार किंवा भोक घातलं तर बसतं, पोर्टल आणि पोर्चलाही दार चालतं. सिम पोर्ट करणे ह्यात बंदर नाही आणि दारही नाही, तिथे नंबर उचलून दुसऱ्या कंपनीत नेणे असा अर्थ आहे, म्हणजे नेणे. रिपोर्टमध्ये पण माहिती परत आणून देणे. भाच्याने एका दुपारी तीन गठ्ठे पाडले, बंदर, दार आणि नेणे, आणि बाबांचा चष्मा कुठेच बसेना म्हणून तो वेगळा ठेवला. हे सगळं डिक्शनरी न उघडता झालं. जे उरतं, कुठे बसत नाही, ते नीट जपून ठेवा, सगळ्यात मजेची गोष्ट बहुतेक तिथेच असते.

मग डिक्शनरी. ऑनलाइन चांगल्या इंग्रजी डिक्शनऱ्या फुकट आहेत, पण त्या वाचायची रीत कुणी शिकवत नाही. पी-ओ-आर-टी टाकलं की एकच शब्द चार-पाच वेळा येतो आणि त्याच्या डोक्यावर छोटे आकडे असतात, १, २, ३ असे. हे आकडे म्हणजे वेगवेगळे अर्थ नव्हेत, हे वेगवेगळे शब्द आहेत, योगायोगाने स्पेलिंग सारखं झालेले किंवा वेगवेगळ्या वाटांनी आलेले. एका आकड्याच्या पोटात जे क्रमांक असतात ते अर्थ. एवढा फरक कळला तरी अर्धं काम झालं. नोंदीच्या शेवटी किंवा सुरुवातीला मूळ दिलेलं असतं, तिथे बाणासारखी खूण दिसली तर ह्या शब्दावरून तो आला असं समजायचं, आणि एखाद्या रूपाआधी तारा, म्हणजे फुली असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषाशास्त्रज्ञांनी नात्यातल्या भाषा शेजारी ठेवून ते मांडलंय असा त्याचा अर्थ. बऱ्याच ठिकाणी पहिल्या लेखी वापराचं साल पण असतं, ते वहीत नक्की उतरवा, पुढे कामाला येतं.

आमचे तीन गठ्ठे लॅटिनमधल्या तीन शब्दांवर बरोबर जाऊन बसले. पोर्टुस म्हणजे बंदर, पोर्टा म्हणजे दरवाजा, आणि पोर्टारे म्हणजे वाहून नेणे. भाच्याने वहीतलं पान फिरवून मला दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण त्याने कुठलंही लॅटिन न शिकता तेच केलं होतं.

नेण्याचा गठ्ठा सगळ्यात मोठा निघतो. एक्स म्हणजे बाहेर, म्हणून एक्सपोर्ट म्हणजे बाहेर नेणे, इम्पोर्ट आत आणणे, रिपोर्ट परत आणणे, सपोर्ट खालून उचलून धरणे, डिपोर्ट हाकलून देणे, पोर्टेबल म्हणजे नेता येण्यासारखं. स्टेशनवरचा पोर्टर ओझं नेतो म्हणून पोर्टर. (इंग्रजीत दुसरा एक पोर्टर पण आहे, दारावरचा, तो पोर्टावरून. स्पेलिंग तेच, शब्द दुसरा, म्हणून डोक्यावरचे आकडे बघायचे.) स्पोर्ट पण ह्यातलाच, हे मला कधी सुचलंही नसतं. जुन्या फ्रेंचमध्ये देस्पोर्तेर म्हणजे मन दुसरीकडे नेणे, रमवणे, त्याचं इंग्रजीत डिस्पोर्ट झालं आणि सुरुवातीचा भाग गळून नुसतं स्पोर्ट राहिलं. आणि सिम पोर्ट करणे हे पोर्टेबिलिटीवरून, ती सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली, पोर्ट असं लिहून पुढे आपला नंबर टाकून १९०० ला मेसेज करायचा, तेव्हापासून आपण मराठीत पोर्ट करणे हे क्रियापद बिनधास्त वापरतोय.

दाराचा गठ्ठा छोटा पण घरगुती. पोर्टल, पोर्च, जहाजाची गोल खिडकी ती पोर्टहोल, आणि मोबाइल-कॉम्प्युटरचं पोर्ट, जिथून वीज किंवा माहिती आत-बाहेर करते. आपल्याकडे घराला पडवी असताना लोक पोर्च म्हणायला लागले ह्याचं मला वाईट वाटतं, पण शब्द म्हणून तो चांगला जुना आहे.

बंदराच्या गठ्ठ्यात मात्र आम्ही खूप दिवस रमलो, कारण तो आपल्या अंगणातलाच. एअरपोर्ट सरळ आहे, विमानांचं बंदर, चिपीचं ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं. पासपोर्ट फ्रेंचमधून आला, पास म्हणजे ओलांडून जाणे आणि पोर्ट म्हणजे बंदर. पण ऑपॉर्च्युनिटी? लॅटिनमध्ये ऑपोर्टुनुस हे वाऱ्याचं विशेषण, बंदराच्या दिशेने वाहणारा वारा. शिडाच्या जहाजाला असा वारा मिळाला तरच आत शिरता येणार, म्हणून अनुकूल, म्हणून योग्य वेळ, म्हणून संधी. हे मी वाचलं आणि बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय, दुपारचा खारा वारा सुटला की आमच्या आजोबांची होडी शीड लावून आपोआप खाडीत यायची, सकाळचा मतलई वारा बाहेर न्यायचा." ऑपॉर्च्युनिटीचा एवढा नेमका अर्थ मला कुठल्या डिक्शनरीत मिळाला नव्हता. कुठलाही शब्द शोधताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्यातली गोष्ट सांगून बघा, अर्थ नव्हे, गोष्ट. ते त्यांच्याकडची गोष्ट काढतात.

आणि पोर्तुगीज. दुरु नदीच्या मुखाशी रोमन काळात पोर्टुस काले नावाचं बंदर होतं, त्याचं पोर्तुकाले झालं, त्यावरून अख्ख्या देशाचं नाव पोर्तुगाल. तिथलं शहर आजही पोर्तो, म्हणजे नुसतंच बंदर, आणि तिथून जहाजात चढणारी ती पोर्ट वाइन. म्हणजे १५१० साली गोवा घेणारे आणि १५२१ पासून चौलला कोट बांधणारे लोक स्वतःच्या नावातच बंदर घेऊन आपल्या किनाऱ्यावर आले होते. त्यांचे शब्द आपण रोज वापरतो, पाव, बटाटा, काजू, पपई, चावी, पगार. आणि आमच्या वाडीतले जे आखातात नोकरीला आहेत त्यांना विचारा, अरबीत संत्र्याला काय म्हणतात, बुर्तुकाल, कारण गोड संत्रं तिकडे पोर्तुगालच्या नावाने पोचलं आणि अरबीत प नसल्याने त्याचा ब झाला. एका बंदराचं नाव फळाला लागलं.

आता तो उरलेला चष्मा. बोटीवर पोर्ट म्हणजे डावी बाजू, पण डावी म्हणून चालत नाही, कारण डावं-उजवं तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात त्यावर बदलतं आणि पोर्ट बदलत नाही, ती बोटीची बाजू आहे, पुढे तोंड केलं की डावीकडची. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नव्हतं, उजव्या बाजूला मोठं वल्हं लावून जहाज वळवायचे, म्हणून ती स्टिअर करायची बाजू, स्टारबोर्ड. त्यातला स्टार म्हणजे तारा नाही. ते वल्हं धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज नेहमी डावी बाजू बंदराला लावायचे, ती पोर्टची बाजू. त्याआधी डावीला लार्बोर्ड म्हणत, पण वाऱ्यावादळात कुणी ओरडलं तर स्टारबोर्ड की लार्बोर्ड ते कळायचं नाही, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये हुकूम काढून लार्बोर्ड बंद केलं आणि पोर्टच म्हणायचं ठरवलं. शब्द सहसा असा हुकमाने बदलत नाही, इथे बदलला कारण चूक झाली तर माणसं मरत होती.

हे नुसतं वाचून मुलांच्या डोक्यात बसत नाही म्हणून एका संध्याकाळी बाबांना घेऊन आम्ही दाभोळच्या जेटीवर गेलो. अंधार पडला होता, खाडीतून एक मच्छीमार बोट येत होती. बाबांनी भाच्याचा हात धरून दाखवलं, "तो लाल दिवा दिसतोय ना, ती तिची पोर्ट. हिरवा म्हणजे स्टारबोर्ड. आता नुसता लाल दिसतोय म्हणजे तिची डावी कूस आपल्याकडे आहे, ती आपल्या समोरून आडवी चाललीय. थांब जरा." बोट वळली आणि क्षणभर लाल-हिरवा दोन्ही शेजारी शेजारी दिसले. "आता ती सरळ आपल्यावर येतेय," बाबा म्हणाले. भाचा दोन पावलं मागे सरकला. बाजूच्या प्रत्येक दिव्याचा प्रकाश समोरून मागे बरोबर ११२.५ अंशांपर्यंतच पडला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, म्हणून हे असं ओळखता येतं. त्या दिवसापासून पोर्ट म्हणजे कुठली बाजू हे त्याला सांगावं लागलं नाही.

शोधताना दोन ठिकाणी पाय घसरतो, ते सांगते. एक म्हणजे सारखा आवाज. पोर्ट्रेटमध्ये पोर्ट ऐकू येतं पण ते प्रो आणि त्राहेरे, पुढे ओढून काढणे, ह्यावरून आलंय, आपल्या तिन्ही गठ्ठ्यांशी त्याचा संबंध नाही. तसंच फेरीबोट. धोपाव्याला जाताना भाचा म्हणाला, फेरी मारते म्हणून फेरी. असं वाटणं साहजिक आहे, पण मराठी फेरी ही फिरण्यातली आणि इंग्रजी फेरी ही वेगळी, जुन्या इंग्रजीत फेरियन म्हणजे पोचवणे, नेणे. दोघी एकाच जेटीवर भेटल्या एवढंच. आवाज जुळला की खूश व्हायचं नाही, जुनं रूप आणि जुना अर्थ दोन्ही जुळतायत का ते बघायचं.

दुसरी घसरण म्हणजे गोड गोष्ट. पॉश हा शब्द आपण रोज वापरतो, पॉश एरिया, पॉश हॉटेल. त्याची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, की इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब येताना पोर्ट साइडची आणि परत जाताना स्टारबोर्डची केबिन घ्यायचे, दोन्ही वेळा उत्तरेकडची, सावलीची, आणि पोर्ट आऊट स्टारबोर्ड होम ह्याची आद्याक्षरं तिकिटावर मारायचे, त्यावरून पॉश. मला ही गोष्ट इतकी आवडायची की मी शाळेत असताना चारचौघात सांगायचे. पण तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, जहाज कंपनीच्या कागदपत्रांतही नाही, आणि आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची रीत इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली. तेव्हा नियम असा ठेवा, की कुठल्याही जुन्या शब्दाचा कुणी फुलफॉर्म सांगितला तर आधी पुरावा मागायचा. गोष्ट जितकी बेतून शिवल्यासारखी बसते तितकं जास्त तपासायचं.

एवढं झालं की बरेच जण थांबतात. पण तुम्ही अजून एक पायरी खाली उतरा, कारण आपल्या भाषेची गाठ तिथे पडते. लॅटिनचे ते तीन शब्द, बंदर, दार, नेणे, हे मुळात एकाच घरातले, त्या तारा लावलेल्या मूळ रूपात अर्थ होता पलीकडे जाणे, ओलांडणे. बंदर म्हणजे आत शिरायची वाट, दार म्हणजेही तेच, आणि नेणे म्हणजे इथून पलीकडे करणे. इंग्रजी फेरी त्याच घरातली. त्वचेचे पोअर्स पण, ग्रीक पोरोस म्हणजे वाट, त्यावरून पोरस, आपला जांभा दगड जसा पाणी आरपार जाऊ देतो तसा. आणि संस्कृतात तोच धातू पृ, त्यावरून पार, म्हणजे आपण खाडी पार करतो म्हणतो त्यातला पार. इराणकडे अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, त्याचं पेरेतु, उतार किंवा पूल, त्याचं फारसीत पुल झालं आणि तिथून मराठीत पूल आला. म्हणजे पोर्ट, फेरी, पार, पूल ही सगळी सख्खी-चुलत भावंडं. मराठी बाजूने शोधायचं असेल तर कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश आणि मोल्सवर्थचा कोश हाताशी ठेवा, मोल्सवर्थ तर ऑनलाइन फुकट बघता येतो आणि कोकणातले कितीतरी शब्द त्यात जिवंत भेटतात.

आमच्या आजीच्या तोंडात फेरीबोट शब्द कधी नव्हता, ती तिला "तर" म्हणायची. "तरीने पलीकडे गेलो," असं. हा "तर" शब्द तॄ धातूवरून, तरून जाणे, आणि गंमत म्हणजे लॅटिनमधलं ट्रान्स, पलीकडे ह्या अर्थाचं, ते ह्याच तॄचं भावंड. हे आम्हाला शेवटच्या दिवशी कळलं. पेट्या भरून झाल्या होत्या, वाशीला जायला टेम्पो आला होता आणि त्याच्या हौद्यावर मोठ्या अक्षरात ट्रान्सपोर्ट लिहिलेलं होतं. भाच्याने वही आणली आणि ट्रान्सच्या खाली लिहिलं "तर", पोर्टच्या खाली लिहिलं "पार". मग ड्रायव्हरला दाखवली. ड्रायव्हर धोपाव्याचाच, तो म्हणाला, "बरोबर आहे की, आधी तरीवरच चढवायचाय ना टेम्पो."

आता त्याने पुढचा शब्द घेतलाय, बोर्ड. दहावीचं बोर्ड, नोटीस बोर्ड, स्विच बोर्ड आणि स्टारबोर्ड हे एकत्र कसे, असा त्याचा प्रश्न आहे. मी ह्यावेळी लगेच उत्तर दिलेलं नाही. वहीत पहिलं वाक्य बाबांचं आहे: बोर्डवर असताना सण कधी आला नि गेला कळायचं नाही.